भारतात फुटबॉल आला कधी? आधी ‘आला’ म्हणजे काय ते ठरवू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी सातवीत आहे, शाळेने ‘भारतातील फुटबॉलची सुरुवात’ हा प्रकल्प दिलाय. नेटवर शोधलं तर १८०२, १८५४, १८७७, १८८३ आणि १८८८ अशी पाच सालं मिळाली. बाई म्हणतात, एका बंगाली मुलाने सुरुवात केली. घरी आजोबा, जे स्वतः कोल्हापुरात गोलकीपर होते, ते म्हणतात गोव्यातल्या पाद्र्याने आणला. यातलं खरं कुठलं?

आजोबा आणि बाई दोघांनाही नाराज न करता उत्तर देता येतं, पण त्यासाठी प्रश्न जरा उलगडावा लागेल. मी वीसेक वर्षं मुंबईत रेफ्री म्हणून शिट्टी फुंकली. गुडघ्याने साथ सोडल्यावर जुन्या स्पर्धांचे निकाल जमवायचा नाद लागला. त्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळली. ‘पहिला’ हा शब्द दिसला की विचारायचं : पहिला काय? पहिल्यांदा चेंडू लाथाडला, पहिल्यांदा नियमाने खेळले, पहिली स्पर्धा भरली, पहिला क्लब निघाला, की आपली माणसं पहिल्यांदा मैदानात उतरली? या पाचही गोष्टींची सालं वेगळी आहेत. तुम्हाला मिळालेली पाच सालं म्हणजे बहुतेक पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी १८०२ आणि १८५४ बाजूला काढू. १८०२ साली मुंबईत ‘मिलिटरी’ विरुद्ध ‘आयलंड’ असा सामना झाला, असं ठिकठिकाणी छापलेलं आढळतं. १८५४ चा दावा कोलकात्याचा आहे, साहेबलोकांच्या दोन संघांमधला. हे सामने झाले की नाही यावर वाद घालायची गरजच नाही, कारण आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ तेव्हा जन्माला आलेला नव्हता. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १८६३ साली आणि एकसमान नियम तेव्हा लिहिले गेले. त्याआधी इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळायची मुभा, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारली तरी चालायचं. चेंडू हातात घेऊन पळणारे, म्हणजे रग्बीवाले, १८७१ मध्ये आपली वेगळी चूल मांडून बसले. म्हणून १८६३ च्या आधीच्या कुठल्याही कागदावर ‘फुटबॉल’ शब्द दिसला तर त्याचा अर्थ ‘चेंडूचा काहीतरी खेळ’ एवढाच घ्यायचा.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी ‘मुंबईत १८०२ पासून फुटबॉल’ असं छातीठोक लिहून टाकलं होतं. एका निवृत्त ग्रंथपालांनी पोस्टकार्डावर दोनच ओळी पाठवल्या : कोणत्या नियमांनी खेळले? आणि हे तुम्ही स्वतः कुठे वाचलंत? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दुसऱ्याचं उतरवलं होतं, त्याने तिसऱ्याचं.

आता बाईंची गोष्ट, १८७७ ची. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी, जन्म १८६९. गोष्ट अशी सांगतात की आठ-दहा वर्षांचा नगेंद्र आईबरोबर बग्गीतून गंगास्नानाला निघाला होता. वाटेत मैदानावर गोरे खेळत होते. तो उतरून बघत राहिला, चेंडू त्याच्याकडे आला, त्याने लाथेने परत पाठवला. पुढे हेअर स्कूलमधल्या मित्रांकडून पैसे गोळा करून त्यांनी चेंडू विकत आणला. तो निघाला रग्बीचा! मग एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांना योग्य चेंडू आणि नियम दाखवले.

बग्गीचा प्रसंग आठवणीतून आलेला आहे. त्या दिवशी तिथे उभं राहून कोणी टिपण काढलं नव्हतं. पण रग्बीच्या चेंडूचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण तो त्या काळाशी तंतोतंत जुळतो. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७२ चा. नाव फुटबॉल क्लब, खेळ मात्र रग्बी. उन्हाळ्यातली टणक जमीन, कमी होत गेलेले सभासद, यांमुळे पाचेक वर्षांत तो गुंडाळायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा कप घडवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तोच ‘कलकत्ता कप’. तीन मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ १८७९ पासून आजतागायत त्यासाठी झुंजतात, आणि तो कप आपल्या रुपयांचा आहे हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हा १८७७ साली त्या मैदानावर दिसलेला चेंडू अंडाकृती असण्याची शक्यता दांडगी. ‘भारतीय फुटबॉलच्या जनका’ची पहिली लाथ कदाचित रग्बीच्या चेंडूला बसली असेल. मुलीच्या प्रकल्पात हे घाला, वर्ग जागा होईल.

अर्थात त्यामुळे सर्वाधिकारींचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. त्यांचं खरं काम पुढचं आहे. त्यांनी कोलकात्यात एकामागून एक क्लब काढले. त्यातल्या एका क्लबात एका कुंभाराच्या मुलाला घेण्यावरून उच्चवर्णीय सभासदांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी तो क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब उभा केला, असं सांगितलं जातं. याच शोभाबाजारने १८९२ मध्ये कोलकात्याच्या ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला २-१ ने हरवलं. गोऱ्या पलटणीवर देशी संघाचा हा पहिला गाजलेला विजय. मला विचाराल तर सर्वाधिकारींच्या नावापुढे १८७७ ऐवजी १८९२ लिहावं. बग्गीच्या गोष्टीला साक्षीदार नाही, १८९२ च्या निकालाला आहे.

जातीचा विषय निघालाच आहे तर चेंडूबद्दल बोलतो, कारण आजच्या मुलांना तो चेंडू डोळ्यांसमोर येतच नाही. चामड्याचे तुकडे हाताने शिवलेले, आत रबराचा ब्लॅडर. हवा भरून झाली की ब्लॅडरची मान दोरीने आवळायची, ती आत कोंबायची आणि तोंड चामडी वादीने बुटाच्या लेससारखं शिवून बंद करायचं. आमच्या लहानपणीसुद्धा पेठेत असे एक-दोन जुने चेंडू शिल्लक होते. ब्लॅडर सायकलवाल्याकडे पंक्चरला जायचा. हेडिंग करताना वादीची बाजू कपाळावर आली तर वळ उठायचा. पावसात चेंडू पाणी पिऊन असा जड व्हायचा की बॅकची गोलकिक अर्ध्या मैदानापर्यंत जाणंही मुश्कील. आजोबांना विचारा, त्यांच्या कपाळाला आठवत असेल.

हा चेंडू चामड्याचा होता यालाच एका ठिकाणी केवढा अर्थ आला बघा. १८९१ साली श्रीनगरच्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक टिंडेल-बिस्को यांनी चेंडू आणला. बहुतेक मुलं काश्मिरी पंडितांची. चेंडू चामड्याचा आहे म्हटल्यावर शिवायलाच तयार होईनात. बिस्कोंनी शिक्षकांना काठ्या घेऊन मैदानाभोवती उभं केलं आणि खेळ सुरू करायला लावला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला, तो बाटलो म्हणून रडायला लागला, तर साहेबांनी त्याला कालव्यावर नेऊन धुवून आणायला सांगितलं आणि खेळ पुढे चालू! हा प्रसंग लोक हसत हसत सांगतात. मला त्यात काठ्या दिसतात. खेळ सगळीकडे लोकांनी आनंदाने उचलला असं नाही. काही ठिकाणी तो अंगावर घातला गेला आणि नंतर गोड लागला.

आता १८८८. प्रकल्पात एकच साल लिहायची सक्ती असेल तर मी हे निवडेन. त्या वर्षी सिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला. मॉर्टिमर ड्युरंड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव. अफगाण सीमेवर पुढे १८९३ मध्ये आखलेल्या रेषेला ज्यांचं नाव आहे, तेच. पहिल्या वर्षी रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ ने हरवलं. दोन्ही पलटणी स्कॉटिश. म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या स्पर्धेची पहिली फायनल ही स्कॉटलंडची घरगुती बाब होती!

जाता जाता एक दुरुस्ती. ड्युरंड ही ‘जगातली तिसरी जुनी स्पर्धा’ असं सगळीकडे छापतात. इंग्लंडचा एफए कप १८७१ चा, स्कॉटिश कप १८७३ चा, हे खरं. पण वेल्सचा कप १८७७ चा आणि आयर्लंडचा १८८० चा आहे, आणि दोन्ही ड्युरंडच्या आधीचे. ‘आशियातली सर्वांत जुनी’ लिहा, तिथे कोणी बोट ठेवणार नाही.

१८८८ मला का महत्त्वाचं वाटतं? मैत्रीचे सामने हवेत विरतात. स्पर्धा म्हटली की तारीख ठरते, नियम ठरतात, निकाल छापला जातो आणि पुढच्या वर्षी हरलेला बदला घ्यायला येतो. खेळ रुजतो तो या पुढच्या वर्षामुळे. ड्युरंडपाठोपाठ रांग लागली : १८८९ ला कोलकात्यात ट्रेड्स कप, १८९१ ला मुंबईत रोव्हर्स कप, १८९३ ला इंडियन फुटबॉल असोसिएशन (नाव ‘इंडियन’, कारभार बंगालपुरता) आणि तिची आयएफए शील्ड, १८९८ ला कोलकात्याची लीग. दहा वर्षांत सगळा सांगाडा उभा. मात्र त्यात मांस नव्हतं. ड्युरंड आणि रोव्हर्स सुरुवातीला पलटणींसाठीच. रोव्हर्सच्या विजेत्यांची यादी तुम्ही कधी वाचलीत तर कंटाळा येईल : १८९१ च्या वूस्टरशायर रेजिमेंटपासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं नुसत्या रेजिमेंट आणि बटालियन. हिंदी, म्हणजे भारतीय, नागरी संघाचं नाव पहिल्यांदा येतं १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्स.

मांस भरलं ते शाळा-कॉलेजांनी आणि मोहल्ल्यांनी, मुख्यतः कोलकात्यात. १५ ऑगस्ट १८८९ ला मोहन बागान निघाला, १८९१ ला मोहमेडन स्पोर्टिंग, १९२० ला ईस्ट बंगाल. तारीख बघून हुरळू नका, त्या पंधरा ऑगस्टचा स्वातंत्र्याशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण १९११ चा संबंध नक्की जोडला गेला. त्या वर्षी आयएफए शील्डच्या उपांत्य फेरीत मोहन बागानने मिडलसेक्स रेजिमेंटशी आधी १-१ बरोबरी केली, मग फेरसामन्यात ३-० ने उडवलं. २९ जुलैला फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर. पहिला गोल गोऱ्यांचा, फ्री किकवर. मग कप्तान शिवदास भादुरीने बरोबरी साधली आणि सामना संपता संपता अभिलाष घोषने दुसरा मारला. अकरापैकी दहा जण अनवाणी. बूट एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. गर्दी एवढी की मागच्या लोकांना मैदान दिसेना, म्हणून स्कोअर कळवायला पतंग उडवले गेले.

हे सगळं रोमांचक आहेच, पण त्याला एक शेपूट जोडलं जातं : ‘या पराभवाने घाबरून इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली.’ हे प्रकल्पात लिहू देऊ नका. घोषणा डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात झाली खरी, पण त्याची सरकारी चर्चा फायनलच्या आधी, जूनमध्येच सुरू झाली होती. बंगालच्या फाळणीवरून उठलेलं आंदोलन हे त्यामागचं मोठं कारण. फुटबॉलमध्ये जोर असतो, राजधानी हलवण्याइतका नसतो.

शेपूट तोडून टाकल्यावर शिल्लक राहतं ते जास्त बोलकं आहे. एवढा पराक्रम करूनही मोहन बागानला कोलकाता लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये शिरकाव मिळाला तो १९१५ मध्ये. शील्ड पुन्हा हिंदी संघाकडे यायला १९३६ उजाडलं, तेव्हा ती मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली. १९३४ ते ३८ अशी सलग पाच वर्षं लीगही त्यांनीच जिंकली. ओल्या मैदानावर बूट घालायचे हा निर्णय त्यांना फळला, असं जुने लोक सांगत, आणि रेफ्री म्हणून मला ते पटतं. कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला चेंडूची नस कळते, वळायला वेळ लागत नाही. चिखलात मात्र तोच पाय घसरतो. आणि आपल्याकडे फुटबॉलचा मोसम पावसाळ्याचा, कारण थंडी क्रिकेटला दिलेली. म्हणजे अनवाणी खेळणाऱ्यांच्या वाट्याला नेमकी चिखलाचीच मैदानं आली होती.

आता आजोबांकडे येऊ. त्यांचं चुकलेलं नाही, त्यांचा नकाशा वेगळा आहे. गोव्यात १८८३ च्या सुमारास फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज पाद्र्यांनी शिवोलीत मुलांना फुटबॉल शिकवला, असं मानतात. पुढे हडफड्याच्या सेंट जोसेफ शाळेतून तो बार्देश तालुक्यात पसरला. साल ड्युरंडच्या पाच वर्षं आधीचं. पण गोवा तेव्हा पोर्तुगालचा, आणि १९६१ पर्यंत तसाच राहिला. ‘भारतातला पहिला’ म्हणताना गोवा धरायचा की नाही? आजचा नकाशा घेतला तर धरायचा, १८८३ चा घेतला तर नाही. प्रकल्पात कुठला नकाशा घेतलाय ते एका ओळीत सांगितलं की झालं. आणि गंमत बघा, खेळ पोर्तुगीज मुलखातला, शिकवणारा इंग्रज, आणि तो खेळ पोटापाण्यासाठी बोटीवर नि मुंबईत आलेल्या गोवेकरांबरोबर धोबीतलावच्या कुडांपर्यंत, म्हणजे एकेका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांपर्यंत, आला. गावागावाचे कूड होते, तशा गावाच्या टीमही.

मग रोव्हर्स कप इतका जुना असून मुंबईचं कोलकाता का झालं नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला नेहमी विचारतात. माझं उत्तर मैदानाचं आहे. मुंबईत देशी लोकांनी क्रिकेट फार आधी धरलं. पारशांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. फुटबॉलच्या स्पर्धा आल्या तोवर इथली ईर्ष्या पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन अशी क्रिकेटमध्ये वाटून झाली होती, आणि १९१२ पासून चौरंगी सामने होऊ लागले. साहेबाला हरवायची जी हौस कोलकात्याने फुटबॉलवर भागवली, ती मुंबईने क्रिकेटवर भागवली. फुटबॉलकडे पलटणी राहिल्या, गोवेकर राहिले आणि नंतर कंपन्या आल्या. कूपरेज मैदानावर मुंबईच्या हारवुड लीगच्या मॅचेस मी केल्यात, भर पावसात, आणि बघायला संघांपेक्षा कमी माणसं असायची.

कोल्हापूर मात्र निराळं. तिथे खेळ कुस्तीच्या आखाड्यातून आला असं म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण संघांची नावं तर तेच सांगतात : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पेठेची तालीम होती, तिची इज्जत होती, चेंडू आल्यावर तीच इज्जत चेंडूवर लागली. छत्रपती घराण्याचा आश्रय होता आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली. मोहन बागानचं मूळही असंच वाड्यात नि मोहल्ल्यात आहे. जिथे आधीपासून एखादा गट होता, त्याला आपलं म्हणणारी वस्ती होती, तिथेच हा खेळ टिकला.

देशाची म्हणून संघटना यायला तर १९३७ उजाडलं. २३ जूनला सिमल्यातच, लष्करी मुख्यालयात, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन स्थापन झालं. पुढे १९४० मध्ये ड्युरंड दिल्लीला आला आणि मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉर्विकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून तो जिंकला. हिंदी नागरी संघाने पहिल्यांदा. स्पर्धा सुरू झाल्यापासून बावन्न वर्षांनी. सुरुवातीचा इतिहास मी तरी इथेच थांबवतो.

तर तक्त्यावर असं लिहा : एकसमान नियम १८६३ चे, म्हणून त्याआधीचे दावे सोडले. १८७७, सर्वाधिकारींची आख्यायिका (हा शब्द घालाच). १८८३, गोवा, तेव्हा पोर्तुगीज. १८८८, ड्युरंड, पहिली नियमित स्पर्धा. १८९२, शोभाबाजारचा विजय. १९११, शील्ड. ‘जनक कोण’ या रकान्यात बाईंना एकच नाव हवं असेल तर सर्वाधिकारी लिहून मोकळे व्हा, त्यावर मार्क घालवण्यात अर्थ नाही.

आणि एक. आजोबांकडे संघाचा जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, उभे आणि बसलेले, डावीकडून उजवीकडे, सगळ्यांची नावं आणि साल आत्ताच लिहून घ्या. शाईचं पेन नको, ती पुढच्या बाजूला उमटते. माझ्याकडे असे चाळीसेक फोटो पडून आहेत, आणि त्यातला कप हातात धरलेला माणूस कोण, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.